पहिली घागर

माझं लग्न झालं तेव्हा आईचे गुडघे आधीच गेलेले होते. तरी पाणी आईच भरायची. सकाळी नगरपालिकेच्या नळावर घागर लावायची, भरली की कमरेवर घ्यायची आणि एक पाय ओढत, दर दोन घरांमागं भिंतीला हात टेकत घरी यायची. नवी सून दारात उभी राहून बघत असायची. नळावरच्या बायका काय बोलतात ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, आमच्या ओट्यावर सगळं ऐकू यायचं. "पुनावळ्याची पोरगी आनली खरी, पन म्हातारीची घागर काय सुटली न्हाई."

माझी बायको हे ऐकायची आणि खाली मान घालून आत जायची. खरी गोष्ट अशी होती की घागर तिला उचलूच दिली जात नव्हती.

आमच्या घराची रीत होती. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात दगड होते. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. घरात नवी सून आली की तिनं एका शुक्रवारी त्यांची ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या, दहीभात ठेवायचा आणि त्या विहिरीतून पहिली घागर शेंदून डोक्यावरून घरी आणायची. ते पाणी रांजणात ओतलं की सून घरची झाली. तोवर तिनं स्वयंपाक करायचा, शेण-झाडलोट करायची, पण पाणी भरायचं नाही. आईनं हे केलं होतं, तिच्या सासूनं केलं होतं. आई गुडघ्यांना एरंडाचं तेल चोळत बसायची, पण या बाबतीत ऐकायला तयार नव्हती. मी एकदा म्हटलं, "जाऊ दे गं, आता कोण बघतंय." तर म्हणाली, "आसरा बघत्यात की."

अडचण एकच होती. विहीर आता कंपनीच्या कुंपणाच्या आत होती.

बासष्ट सालानंतर आमच्याकडच्या जमिनी कारखान्यांसाठी घ्यायला सुरुवात झाली. आमचा मळा गेला तेव्हा मी शाळेत होतो. पुढं डिप्लोमा केला आणि त्याच कंपनीत मेंटेनन्सला सुपरवायझर म्हणून लागलो. ज्या शेडमध्ये मी उभा असायचो तिथं पूर्वी आमची ज्वारी उभी असायची. याचं मला फार वाईट वाटायचं असं नाही. ज्वारीनं आमचं काय भलं केलं होतं? पण विहीर आणि ते सात दगड मागच्या कुंपणाशी तसेच राहिले होते, बागेला पाणी द्यायला विहीर ठेवली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत मी तिकडं गेलो की कुणाच्या तरी घरात चोरून शिरल्यासारखं वाटायचं.

थोरल्या भावाच्या लग्नानंतर वहिनीला तेव्हाच्या मॅनेजरनं मागच्या गेटातून आत सोडलं होतं. तो मॅनेजर गेला, वहिनीही भावाबरोबर नाशिकला गेली. आता पर्सोनेल ऑफिसर पुण्याचे होते, इस्त्रीच्या बुशशर्टातले, बोलायला गोड. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही शिकलेले. तुम्हाला मी काय सांगायचं? आज तुमच्या आसरा, उद्या कुणाचा पीर, परवा कुणाचा मुंजोबा. बाहेरच्या बायामाणसांना प्रॉडक्शन एरियात सोडता येत नाही. नियम म्हणजे नियम."

मला राग आला नाही, हे विशेष. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी स्वतः रोज गेटवर जेवणाचा डबा उघडून दाखवायचो. वॉचमन आमच्याच गावचा, माझ्याबरोबर शाळेत बसलेला, पण तोही झाकण उघडून आत डोकावायचा. भाजी कसली आहे ते विचारायचा आणि मगच सोडायचा. नियम सगळ्यांना असेल तर माझ्या आईलाही असायला हरकत नव्हती.

मग त्याच वर्षी कंपनीत जर्मनीहून एक तज्ज्ञ आला. नव्या मशिनांची लाइन बसवून द्यायला त्याला बोलावलं होतं. उंच, लालगोरा, उन्हानं नाक सोललेलं. मला मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी बोलता येत होतं म्हणून मला त्याच्या दिमतीला दिलं. माणूस वाईट नव्हता. उलट चांगलाच होता. हाताला ग्रीस लागलेलं त्याला चालायचं, आमच्या फिटरांच्या खांद्यावर हात ठेवायचा, कॅन्टीनची मिसळ खाऊन डोळे पुसायचा. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्याची गाडी गेटाजवळ आली की वॉचमन आधीच दांडी वर करून ठेवायचा. गाडी थांबायची नाही. तिच्यात काय आहे ते कुणी बघायचं नाही. संध्याकाळी त्याची बायको यायची, तीही तशीच आत. त्यांचं एक तपकिरी कुत्रं होतं. तेही यायचं, लॉनवरून उंडारत मागच्या कुंपणापर्यंत जायचं आणि विहिरीभोवती हुंगत फिरायचं. मी वॉचमनला म्हटलं, "काय राव, याचा पास कुठंय?"

तो म्हणाला, "सायबाचं हाय ते, भावा."

"मग माझ्या आईनं काय केलंय?"

तो हसला. त्याला ती गंमत वाटली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एकदा जागे झाल्यावर डोळ्यांना तेच दिसायला लागतं. एखाद्या जोडणीत आमच्या पोराकडून चूक झाली की मेमो निघायचा. साहेबाच्या सांगण्यावरून लाइन दोन दिवस बंद पडली तर त्याला ट्रायल म्हणायचे. मीटिंगमध्ये मी काही बोललो की सगळे चहाच्या कपात बघायचे, आणि मग साहेबाकडं बघायचे. त्यानं मान डोलावली की माझं बोलणं खरं ठरायचं. चिंचवडच्या बाजारात भाजीवाली त्याला टोमॅटो निवडून द्यायची आणि मला म्हणायची, हात लावू नका. बरं, तो काही मागत नव्हता. आम्हीच द्यायचो. राग कुणावर काढायचा तेच कळायचं नाही, म्हणून तो आतल्या आत साठत जायचा.

एक दिवस त्याला घरी पार्सल पाठवायचं होतं. आम्ही जीपमधून पोस्टात गेलो. मला आंतर्देशीय पत्रं घ्यायची होती. रांग दारापर्यंत आली होती. साहेब दारात दिसताच रांग आपोआप बाजूला सरकली, आणि खिडकीतला कारकून उठून उभा राहिला. "या साहेब, इकडून, आतूनच या." मी त्याच्या मागोमाग निघालो तर कारकून म्हणाला, "तुम्ही रांगेनं या हो." मी रांगेनं गेलो. माझ्या पुढचा म्हातारा मनीऑर्डरचं काहीतरी विचारत होता, ते मिटेपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर आलो तर साहेब जीपमध्ये पाइप ओढत बसला होता.

त्यानं मला विचारलं, "कुणी ओळखीचं भेटलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, रांगेत होतो."

"रांग?" त्याला खरंच नवल वाटलं. मग तो अगदी मनापासून म्हणाला, "मला तुमच्या देशातली हीच गोष्ट आवडते. इथं कुठंच थांबावं लागत नाही. आमच्याकडे तर सारखं रांगेत उभं राहावं लागतं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो थट्टा करत नव्हता. वर्षभर इथं राहून या माणसाला रांग दिसली नव्हती. रोज त्याच्या पायाखालून आमच्या रांगा बाजूला होत होत्या आणि त्याला वाटत होतं, इथली जमीनच अशी मोकळी आहे. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की जीपमध्ये बसल्या बसल्या मी त्याला सगळं सांगून टाकलं. आईचे गुडघे, विहीर, सात दगड, बायकोची घागर, पर्सोनेल ऑफिसरचा नियम आणि त्याचं कुत्रं. कुत्र्याचं सांगताना माझा आवाज चढला.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पण तू नीट विचारलं होतंस का? ते फार चांगले गृहस्थ आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्सोनेल ऑफिसरनं मला बोलावलं. मला खुर्ची दिली. "अहो, एवढी साधी गोष्ट. आधी नीट सांगायचं नाही का? साहेबांच्या मिसेसना आपल्या चालीरीतींची भारी आवड आहे. त्यांनाही बघायचंय. सगळी व्यवस्था कंपनी करेल." मी म्हटलं, आमच्यात हे शुक्रवारी करतात. तर म्हणाले, "शुक्रवारी शिफ्ट चालू असते. गुरुवारी सुट्टी, साहेबही मोकळे. गुरुवारच धरू."

मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, वाराचं ऐकून ती उखडेल. ती म्हणाली, "गुरवार तर गुरवार. दत्ताचा वार हाय." आणि डोळ्याला पदर लावला. "द्येवमानूस हाय रं तुजा सायेब."

ज्या माणसानं नुसतं एक वाक्य उच्चारलं तो देवमाणूस, आणि तेच वाक्य मी वर्षभर उच्चारत होतो तो कोण, असं विचारायचं फार मनात आलं होतं.

गुरुवारी आम्ही तिघं मोठ्या गेटातून आत गेलो. मशिनं बंद होती, आवार अगदी शांत होतं. बायकोनं हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात खण-नारळाचं ताट, बगलेत नवी तांब्याची घागर, डोक्यावर चुंबळ. ती चुंबळ तिच्या आईनं जुन्या पातळाची वळून पुनावळ्याहून पाठवली होती. वॉचमननं सलाम ठोकला. कुणाला ठोकला ते मागं वळून बघितल्यावर कळलं. साहेबाची गाडी मागून येत होती.

विहिरीपाशी गवत कापलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीच्या वार्षिक समारंभाला येतो तो फोटोग्राफर कॅमेरा घेऊन तयार होता. आणि आसरा लालभडक झाल्या होत्या. आईला आनंद झाला, पण जवळ जाऊन ती म्हणाली, "शेंदराला वास कसला येतोय रं?" मला लांबूनच कळलं होतं. आमच्याच स्टोअरमधला रेड ऑक्साइड, लोखंडाला गंज धरू नये म्हणून मारतात तो. साफसफाईवाल्यांना कुणीतरी सांगितलं असणार, दगड जरा नीट दिसू देत. मी म्हटलं, "नवा आहे, म्हणून येतोय." आईनं वर आपला शेंदूर लावला. तो त्या रंगावर धरेना.

आम्ही सगळ्यांनी चपला लांब काढल्या होत्या. साहेबाची बायको बूट घालून अगदी दगडांपर्यंत आली. मी सांगायला पुढं झालो तर आईच म्हणाली, "असू दे, तिला काटं टोचत्याल." ओटी भरून झाली. बांगड्या वाहिल्या, दहीभात ठेवला. आईनं हळदकुंकू लावायला करंडा उघडला आणि पहिलं बोट साहेबाच्या बायकोच्या कपाळाला लावलं. नव्या सुनेला नंतर. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला सरका, मॅडमवर सावली येतेय." माझी बायको बाजूला सरकली.

मग तिनं घागर विहिरीत सोडली. आमच्या जुन्या विहिरीला रहाट राहिला नव्हता, तिनं दोर हातावर घेऊन पाणी शेंदलं. घागर काठावर ठेवून, चुंबळ नीट करून ती उचलणार, एवढ्यात साहेबाची बायको काहीतरी बोलली. साहेब मला म्हणाला, "ती विचारतेय, तिनं उचलून बघितली तर चालेल का? डोक्यावर?"

मी तोंड उघडायच्या आत पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, "शुअर, शुअर. का नाही?"

मी आईकडे बघितलं. तिला कळलं होतं काय मागितलं जातंय ते. मग तिनं सुनेच्या डोक्यावरची चुंबळ स्वतःच्या हातानं काढली आणि त्या बाईच्या सोनेरी केसांवर ठेवली. दोघा-तिघांनी मिळून घागर चढवली. ती बाई हसत, हेलकावे खात चार पावलं चालली, पाणी तिच्या झग्यावर सांडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याचा दिवा लखलखला. माझी बायको रिकाम्या डोक्यानं काठावर उभी होती. पर्सोनेल ऑफिसरनं घड्याळ बघितलं. "झालं ना? चला, चहा घेऊ."

उरलेली अर्धी घागर बायकोनं घरी आणली. दारात उतरवली आणि तिथंच ठेवली. आई म्हणाली, "वत रांजनात."

"आत्याबाई, पैली घागर त्येंनी उचलली," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती आईपुढं एवढं बोलत होती. "ह्ये पानी मी कसं वतू? माजी घागर अजून ऱ्हायलीय."

आई उंबऱ्यावर बसली. माझा एवढा वेळ कोंडलेला राग तिच्यावरच निघाला. मी म्हटलं, "तू का दिलीस चुंबळ? तुझी रीत ना? सुनेला हात लावू देत नव्हतीस आणि त्या बाईला दिलीस?"

"पाव्हनी हाय ती," आई म्हणाली. "त्येंच्यामुळं आत सोडलं आपल्याला. न्हाई कसं म्हनायचं?"

"आपल्या विहिरीवर?"

"आता आपली कुठं हाय."

ते पाणी आईनं दारातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन नळावर गेली. मी आडवा आलो, बायको आडवी आली, तिनं ऐकलं नाही. आसरांपुढं आपल्याच हातून चुकलंय, तर ते आपल्याच कमरेनं फेडायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. नळावरच्या बायकांना आता आणखी एक विषय मिळाला. देवीपाशी जाऊनही सून पाण्याला हात लावत नाही, म्हणजे काय समजायचं?

काही महिन्यांनी साहेब जर्मनीला परत गेला. जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुझ्या आईनं माझ्या बायकोला जो मान दिला तो आम्ही कधी विसरणार नाही. तो खरंच विसरला नसणार. नवीन वर्षाचं कार्ड यायचं त्याचं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पर्सोनेल ऑफिसरकडे गेलो. या वेळी खुर्ची नव्हती. मी म्हटलं, एकदाच सोडा, पाच मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणारही नाही. ते खरंच गोंधळले. "अहो, पण गेल्या वर्षी झालं की तुमचं. कंपनीनं एवढं थाटात केलं. रिसेप्शनला फोटो लावलाय, बघितला नाही का?"

बघितला होता. रोज त्याच्याखालून जात होतो. मधोमध मॅडम, डोक्यावर घागर, हसताहेत. शेजारी साहेब, मग पर्सोनेल ऑफिसर, खाली हात जोडलेली आई. अगदी कडेला, चौकटीला लागून, हिरव्या बांगड्या भरलेल्या हाताचं कोपर. ते कुणाचं आहे हे सांगितल्याशिवाय कळण्यासारखं नाही, आणि विचारलं कुणीच नाही.

सुटताना गेटावर डबा उघडून दाखवला. घराच्या वळणावर आई दिसली, भिंतीला हात टेकून थांबलेली, कमरेवर भरली घागर. मी घागर घ्यायला गेलो तर तिनं दिली नाही. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हनलं त्ये?"

मी म्हटलं, "म्हणाले, झालंय तुमचं."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वळणावर थांबलेल्या आईकडे.

"कुनाचं?" ती म्हणाली.